घरातून चालणारी छोटी कंपनी आणि घरखर्च: हिशेबात काय बसतं, काय बसत नाही

विचारणा थोडक्यात अशी आहे. पती-पत्नी दोघंही संचालक असलेली एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी दोन बेडरूमच्या फ्लॅटमधून चालते. काम सॉफ्टवेअरचं. फ्लॅट पतीच्या नावावर, गृहकर्ज चालू आहे. एक बेडरूम पूर्णपणे कामासाठी दिलेली आहे. वीज, इंटरनेट, मोबाईल, सोसायटीचा मेंटेनन्स, कर्जाचा हप्ता, कामवाल्या मावशींचा पगार, यातलं काय काय कंपनीच्या खर्चात दाखवता येईल? शिवाय ओळखीतल्या कोणीतरी सांगितलंय की घरखर्चाचे ३० टक्के सरळ कंपनीत टाका, एवढ्याशा कंपनीला कोण विचारतंय.

आधी या सल्ल्याबद्दल बोलतो, कारण खरं नुकसान तिथेच होतं. आयकर कायद्यात ‘घरखर्चाचे ३० टक्के’ अशी कुठलीही तरतूद नाही. कलम ३७(१) प्रमाणे खर्च संपूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला असावा लागतो. वैयक्तिक खर्च आणि भांडवली खर्च त्यातून स्पष्टपणे वगळलेले आहेत. आणि कलम २७०ए मध्ये उत्पन्न चुकीचं दाखवण्याचे जे प्रकार दिलेत, त्यात ‘ज्याला कुठलाही पुरावा नाही अशा खर्चाची वजावट’ हा प्रकार वेगळा नोंदवलेला आहे. त्याचा दंड बुडालेल्या कराच्या २०० टक्के. समजा कंपनी २२ टक्क्यांच्या दरात आहे, म्हणजे अधिभार आणि उपकर धरून २५.१६८ टक्के. वर्षाला ३ लाखांचा घरखर्च अंदाजाने टाकला तर कर वाचल्यासारखा दिसतो सुमारे ७५,५०० रुपये. तो खर्च नाकारला गेला तर तेवढा कर भरायचा, वर व्याज, आणि दंड सुमारे दीड लाख. छोट्या कंपनीला कोणी विचारत नाही हे काही वर्षं खरं वाटतं. विचारणा होते तेव्हा बहुधा दोन-तीन वर्षांपूर्वीच्या वर्षाची होते आणि तोवर बिलं सापडत नाहीत.

एक खुलासा करून पुढे जातो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. इथे मी १९६१ च्या कायद्यातले क्रमांक वापरतोय, कारण २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांचे हिशेब त्याच कायद्याने होतात आणि आम्हा सगळ्यांच्या तोंडीही तेच बसलेत. जी तत्त्वं खाली सांगतोय ती नव्या कायद्यातही तीच आहेत.

मुळात प्रश्न ‘किती टक्के टाकता येतील’ असा विचारला की उत्तर हाती लागत नाही. कंपनी ही कायद्याने तुमच्यापेक्षा वेगळी व्यक्ती आहे. तिला घर नाही, स्वयंपाकघर नाही, मुलं नाहीत. त्यामुळे प्रत्येक रकमेबाबत विचारायचं ते एवढंच: कंपनीला यातून काय मिळालं, आणि पैसे कोणी कोणाला, कशापोटी दिले? याचं एका वाक्यात सरळ उत्तर देता आलं तर तो खर्च टिकतो. ‘घरातच तर काम करतो ना’ हे त्याचं उत्तर नाही.

एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर चित्र थोडं वेगळं असतं. तिथे मालक आणि धंदा कायद्याने एकच, म्हणून राहत्या जागेचा काही भाग धंद्यासाठी वापरला तर कलम ३८ खाली त्या भागापुरतं भाडं, दुरुस्ती, घसारा (वापराने दरवर्षी घटणारी किंमत) असा प्रमाणशीर खर्च घेता येतो. घर स्वतःचं असेल तर स्वतःलाच भाडं लावता येत नाही. आणि कलम ४४एडी किंवा ४४एडीए खाली अंदाजित नफा दाखवत असाल तर वेगळा खर्च मागायचा प्रश्नच उरत नाही, तो त्या टक्केवारीत धरलेला असतो. अनेकांना मिळणारे सल्ले या मालकी धंद्याच्या नियमांवरून आलेले असतात आणि ते जसेच्या तसे कंपनीला लावले जातात. कंपनीला ४४एडी किंवा ४४एडीए दोन्ही लागू नाहीत.

कंपनीतून संचालकाकडे पैसा यायचे मार्ग मोजकेच: पगार, भाडं, केलेल्या खर्चाचा परतावा, लाभांश. पाचवा मार्ग कर्जाचा, त्याबद्दल पुढे सांगतो. घरखर्चाची प्रत्येक बाब यातल्या एका मार्गाने बसवावी लागते. जी बसत नाही ती कंपनीची नाही.

सोप्या बाबी आधी उरकू. इंटरनेट कंपनीच्या नावावर घ्या. त्याच पत्त्यावर कंपनीच्या नावाचं कनेक्शन मिळतं, बिलावर जीएसटी क्रमांक छापून येतो आणि इनपुट क्रेडिटही मिळतं, म्हणजे बिलात भरलेला जीएसटी कंपनीला आपल्या विक्रीवरच्या जीएसटीतून वळता करता येतो. घरच्यांनी त्याच वायफायवर काही पाहिलं म्हणून कोणी बिलाचे तुकडे पाडत बसत नाही, पण घरात दोन कनेक्शन असतील आणि दोन्ही कंपनीत टाकली असतील तर मात्र प्रश्न येतो. मोबाईलचंही तसंच. कर्मचारी किंवा पगारी संचालक यांच्या फोनचा खर्च कंपनीने केला तर तो त्यांच्या हातात करपात्र सुविधा धरला जात नाही, हे नियमातच आहे. लॅपटॉप आणि कॉम्प्युटरच्या वापरालाही हीच सवलत आहे. म्हणून ही यंत्रं कंपनीने कंपनीच्या नावाच्या बिलावर घ्यावीत. घसारा ४० टक्के मिळतो, वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल तर त्याच्या निम्मा. टेबल-खुर्ची १० टक्के, एसी १५ टक्के.

घरात आधीपासून असलेली टेबल-खुर्ची कंपनीला विकायची का, असंही विचारलं जातं. विकता येते, वाजवी किमतीला, साध्या लेखी पावतीवर. पण चार-पाच वर्षं वापरलेल्या टेबलासाठी एवढे कागद करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

आता वीज. इथे थोडं थांबू, कारण बहुतेक लोक क्षेत्रफळाचं प्रमाण विजेलाही लावतात आणि ते दोन्ही बाजूंनी चुकतं. समजा फ्लॅटचं कार्पेट क्षेत्र ७२० चौरस फूट आणि ऑफिसची खोली १०८ चौरस फूट. प्रमाण निघालं १५ टक्के. मेंटेनन्स, घरपट्टी यांना हे प्रमाण शोभतं, कारण ते जागेवर लागतात. वीज जागेवर लागत नाही. फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये चालतात; दिवसभर चालणारा एसी, दोन मॉनिटर आणि राउटर ऑफिसच्या खोलीत. उन्हाळ्यात त्या खोलीचा वाटा ३० टक्क्यांच्या पुढे जाईल, हिवाळ्यात १० टक्क्यांच्या खाली येईल. वर्षभर एकच आकडा लावला तर तो कुठल्याच महिन्यात बरोबर नसतो.

उपाय स्वस्त आहे. इलेक्ट्रिशियनकडून त्या खोलीच्या लाइनवर एक सब-मीटर बसवून घ्या. दर महिन्याला बिलाच्या तारखेच्या आसपास त्याचा फोटो काढा. समजा घराचं बिल ३१० युनिटचं आलं आणि सब-मीटरवर ९० युनिट निघाले. बिलाची एकूण रक्कम भागिले ३१०, गुणिले ९०, हा कंपनीचा वाटा. बिलाची प्रत, मीटरचा फोटो आणि हे तीन ओळींचं गणित एकत्र जोडून महिन्याचं व्हाउचर करा, आणि ती रक्कम कंपनीच्या खात्यातून तुमच्या खात्यात बँकेनेच जाऊ द्या. असा खर्च कोणाही अधिकाऱ्यापुढे उभा राहतो, कारण त्यात अंदाज उरलेला नाही. सब-मीटर बसवायचा नसेल तर निदान त्या खोलीतल्या उपकरणांचे वॅट आणि रोजचे तास लिहून एक तक्ता करा, आणि तो वर्षाच्या सुरुवातीला करा. मार्चअखेर केलेला तक्ता कोणालाही ओळखू येतो.

विजेबाबत आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे दराचा प्रकार. मीटर घरगुती दराचा आहे आणि जागेत धंदा चालतो, हे महावितरणच्या दृष्टीने महत्त्वाचं असतं. राज्य वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकांमध्ये राहत्या घराच्या काही भागात छोटा व्यवसाय करणाऱ्यांना घरगुती दरातच ठेवण्याची सोय दिलेली आहे, पण तिला महिना ३०० युनिट आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिट अशी मर्यादा घातलेली आहे. वरच्या उदाहरणातलं घर एसीच्या दिवसांत ही मर्यादा ओलांडतं. दरपत्रक बदलत राहतं, म्हणून चालू वर्षाचं दरपत्रक आयोगाच्या संकेतस्थळावर बघून घ्या आणि मगच कंपनीच्या वहीत विजेचा खर्च लिहायला सुरुवात करा.

आता मुख्य प्रश्न, भाडं. फ्लॅट संचालकाचा आहे, कंपनी त्यातली एक खोली वापरते, तर कंपनी त्याला भाडं देऊ शकते. कलम ३० खाली कंपनीला त्याची वजावट मिळते. संचालकाच्या हातात ते घरभाड्याचं उत्पन्न होतं आणि त्यातून सरसकट ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, प्रत्यक्ष खर्च किती झाला हे न विचारता. गृहकर्जाच्या व्याजाचा त्या खोलीपुरता वाटाही या भाड्यातून वजा होतो, नव्या करप्रणालीतही. मात्र नव्या प्रणालीत त्यातून तोटा निघाला तर तो पगारासारख्या दुसऱ्या उत्पन्नातून वळता करता येत नाही.

आकडे मांडून बघू. भाडं महिना १५,००० म्हणजे वर्षाला १,८०,०००. कंपनीचा कर वाचला सुमारे ४५,३००. संचालकाच्या हातात ३० टक्के वजा जाता १,२६,००० करपात्र. तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह कर सुमारे ३९,३००. व्याजाचा वाटा क्षणभर बाजूला ठेवला तर घरात निव्वळ फायदा राहिला ६,००० रुपये. एवढंच. २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर फायदा सुमारे १९,००० चा. मात्र हा पैसा तसाही कंपनीतून घरी यायचाच असेल तर तुलना पगाराशी करायला हवी. पगारालाही कंपनीला पूर्ण वजावट मिळते. फरक इतकाच की पगारावर या १,८०,००० पैकी काहीच सुटत नाही आणि भाड्यावर ५४,००० सुटतात. वरच्या टप्प्यातल्या संचालकाला म्हणून वर्षाला सुमारे १६,८०० रुपयांचा फरक पडतो. हा फायदा खरा आहे, पण एखाद्या वर्षाला त्याच्यापेक्षा जास्त खर्च कागदांवर आणि इतर करांवर होऊ शकतो.

इतर कर कुठले? पहिला जीएसटी. कंपनी जीएसटीत नोंदणीकृत असेल तर भाड्यावरचा १८ टक्के कर कंपनीला स्वतःच भरावा लागतो, म्हणजे रिव्हर्स चार्ज. राहतं घर नोंदणीकृत व्यक्तीला भाड्याने दिलं तर हा नियम १८ जुलै २०२२ पासून आहे, आणि नोंदणी नसलेल्या मालकाने इतर कुठलीही जागा नोंदणीकृत व्यक्तीला दिली तर १० ऑक्टोबर २०२४ पासून. म्हणजे खोलीला ‘निवासी’ म्हणा नाहीतर ‘ऑफिस’, उत्तर तेच येतं. १,८०,००० वर ३२,४०० रुपये जीएसटी पोर्टलवरच्या रोख खात्यातून, म्हणजे क्रेडिट न वापरता, भरायचे, स्वतःचंच बीजक स्वतः तयार करायचं, आणि मग त्याचं क्रेडिट घ्यायचं. कंपनीची विक्री करपात्र असेल तर हा पैसा परत येतो, फक्त मधे अडकतो. कंपनी करमुक्त सेवा देत असेल तर तो पूर्णपणे अंगावर पडतो आणि वरचा सगळा फायदा पुसून टाकतो. कंपनी नोंदणीकृतच नसेल तर हा प्रश्न येत नाही. विजेचा परतावा भाड्यात मिसळू नका, प्रत्यक्ष बिलाप्रमाणे वेगळा ठेवा; एकत्र केलात तर विजेवरही जीएसटी लागू शकतो.

दुसरा घरपट्टीचा मुद्दा. जागा भाड्याने दिली किंवा तिचा वापर बिगरनिवासी झाला की महापालिकेची आकारणी बदलू शकते. आपल्या महापालिकेचा नियम काय आहे हे भाडेकरार करण्याआधी विचारा, नंतर नव्हे. सोसायटीचंही तसंच. माणसांची ये-जा नसलेलं संगणकावरचं काम बहुतेक सोसायट्या चालवून घेतात, पण तुमच्या सोसायटीच्या उपविधींमध्ये काय लिहिलंय ते एकदा वाचलेलं बरं.

आणि टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून भरायचा कर. १ एप्रिल २०२५ पासून महिन्याला ५०,००० च्या पुढे भाडं असेल तरच कलम १९४-आय लागतं, त्याआधी मर्यादा वर्षाला २,४०,००० होती. एका खोलीचं भाडं सहसा यात येत नाही.

भाडं किती लावायचं याला एकच निकष आहे: हीच खोली त्रयस्थाला दिली असती तर काय आलं असतं. संचालक आणि त्याचे नातेवाईक यांना दिलेली रक्कम बाजारभावापेक्षा जास्त असेल तर कलम ४०ए(२) खाली अधिकारी तेवढा भाग नाकारू शकतो. त्या इमारतीतल्या किंवा शेजारच्या दोन-तीन फ्लॅटच्या भाड्याच्या जाहिराती तारखेसह छापून फाइलला लावा. पूर्ण फ्लॅटला ३५,००० येत असतील आणि एका खोलीला कंपनी २५,००० देत असेल, तर ते समर्थनीय नाही, कितीही कागद लावा.

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं बंधनकारक आहे, मग तो स्वतःच्याच कंपनीशी का असेना. करारात खोली कुठली, तिचं क्षेत्रफळ किती, कुठली वापरसामग्री मिळते आणि कुठले तास, हे लिहा. नकाशाच्या प्रतीवर ती खोली रंगवून जोडा. कंपनीच्या वतीने सही दुसऱ्या संचालकाने करावी. तुमच्या बाबतीत पत्नी. त्याआधी संचालक मंडळाचा ठराव हवा, ज्यात पतीने आपला हितसंबंध जाहीर केल्याची नोंद असेल. एक व्यक्ती कंपनी असेल तर एकमेव सभासदाशी झालेला करार लेखी असावा किंवा इतिवृत्तात नोंदवावा. वर्षाच्या ताळेबंदात हा संबंधित व्यक्तीशी झालेला व्यवहार म्हणून दाखवावा लागतो, आणि कंपनी कितीही छोटी असली तरी लेखापरीक्षण दरवर्षी होतंच, त्यामुळे लेखापरीक्षक हे कागद मागणारच.

इथे एक घोटाळा कायम दिसतो. कंपनी स्थापन करताना नोंदणीकृत कार्यालयाच्या पुराव्यासाठी घरमालकाचं ना-हरकत पत्र आणि वीजबिल दिलेलं असतं. लोक समजतात की तो कागद म्हणजेच भाड्याचा आधार. ते फक्त पत्ता वापरायला दिलेली परवानगी असते, बहुतेक वेळा भाडं न घेता. भाडं घ्यायचं तर करार वेगळा, आणि तो ज्या तारखेला झाला त्या तारखेपासूनच पुढे. मागच्या तारखेचे करार करू नका. मुद्रांकाचा अनुक्रमांक आणि नोंदणीची तारीख बोलते.

भाडं घेतलं की मेंटेनन्स, घरपट्टी, रंगरंगोटी पुन्हा वेगळी कंपनीत टाकायची नाही. तो मालकाचा खर्च आहे आणि त्यासाठीच त्याला ३० टक्के सुटलेत. भाडं घेतलं नाही, तर क्षेत्रफळाच्या प्रमाणात मेंटेनन्सचा परतावा कंपनीकडून घेता येतो, बिलं जोडून.

कर्जाचा हप्ता कुठल्याही मार्गाने कंपनीत येत नाही. कर्ज तुमचं, घर तुमचं, कंपनीला त्यात मालकी नाही. कंपनीने हप्ता भरला तर तुमची देणी कंपनीने फेडली असा त्याचा अर्थ होतो आणि ती रक्कम तुमच्या पगारात करपात्र सुविधा म्हणून धरली जाते, नाहीतर कंपनीने तुम्हाला दिलेलं कर्ज ठरते. आणि कर्ज ठरलं की कलम २(२२)(ई) उभं राहतं. मोजक्या भागधारकांच्या कंपनीने १० टक्के किंवा अधिक मतदानहक्क असलेल्या भागधारकाला कर्ज किंवा उचल दिली, किंवा त्याच्या वैयक्तिक फायद्यासाठी पैसे भरले, तर कंपनीच्या साठलेल्या नफ्याच्या मर्यादेपर्यंत ती रक्कम लाभांश मानून त्याच्यावर कर लागतो. कंपनीला त्याची वजावट मिळत नाही. त्याशिवाय संचालकांना कर्ज देण्यावर कंपनी कायद्याच्या कलम १८५ चे निर्बंध आहेतच.

कंपनीच्या कार्डाने किराणा भरणाऱ्यांना हे नेमकं इथे भोवतं. कार्डाच्या पत्रकात ऑफिसची हार्ड डिस्क, शाळेची फी, गॅस सिलिंडर आणि डोमेनचं नूतनीकरण एकाखाली एक येतं. वर्षअखेर हिशेब लिहिणारा मुलगा ओळखू न आलेलं सगळं ‘कार्यालयीन खर्च’ किंवा ‘कर्मचारी कल्याण’ मध्ये टाकून मोकळा होतो. दोनच संचालक असलेल्या आणि दुसरा एकही कर्मचारी नसलेल्या कंपनीत दोन लाखांचं कर्मचारी कल्याण दिसलं की पुढचा प्रश्न काय येणार हे सांगायला नको. चुकून घरचा खर्च झालाच तर त्याच आठवड्यात तेवढी रक्कम स्वतःच्या खात्यातून कंपनीला परत करा. संचालकाच्या नावाचं खातं वर्षभर नावे बाजूला, म्हणजे संचालक कंपनीचं देणं लागतो अशा स्थितीत, राहता कामा नये. दर महिन्याला ते एकदा उघडून बघा.

मावशींबद्दल विचारलं आहे. त्या घराचं काम करतात, म्हणून त्यांचा पगार घरचाच. ऑफिसची खोली झाडण्यासाठी वेगळी छोटी रक्कम ठरवली असेल आणि त्यांच्या सहीचं व्हाउचर असेल तर तेवढी कंपनीत चालते. कामासाठी आलेल्या पाहुण्यांचा चहा-नाश्ता चालतो. घराचं वाणसामान नाही.

घर स्वतःचं नसून भाड्याचं असेल तर एक अडचण वाढते. मूळ करारात बहुधा पोटभाड्याला किंवा व्यवसायाला बंदी असते. घरमालकाची लेखी संमती घ्या, आणि शक्य असेल तर त्या खोलीपुरता करार घरमालक आणि कंपनी यांच्यात थेट करून घ्या. जुन्या करप्रणालीत राहून घरभाडे भत्त्याची सूट घेत असाल, तर जो हिस्सा कंपनी देते त्यावर ती सूट पुन्हा मागता येत नाही.

आता जे माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं आहे आणि जे फार कमी लोक विचारतात. तुम्ही दोघं कंपनीतून पगार किती घेता? २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर शून्य होतो, आणि पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळत असल्याने १२,७५,००० पर्यंतच्या पगारावर कर लागत नाही, दुसरं उत्पन्न नसेल तर. दोघंही खरोखर काम करत असाल आणि पगार त्या कामाला साजेसा असेल, तर तेवढा पगार कंपनीला पूर्ण वजावट देतो आणि घरी करमुक्त येतो. मग किराणा, मावशी, हप्ता, शाळा, सगळं त्यातून भरा. कोणाला काही सिद्ध करायची गरज नाही. दोघांचे पगार या मर्यादेच्या बरेच खाली असताना विजेच्या नव्वद युनिटांसाठी झगडणारे संचालक मी अनेक पाहतो. त्यांच्यासाठी तो वाद निरर्थक असतो. पगार वाढवा, त्याचा ठराव करा, दर महिन्याला बँकेतून द्या, व्यवसायकर भरा.

‘त्या कामाला साजेसा’ हे शब्द मात्र गांभीर्याने घ्या. पत्नी प्रकल्पाचं काम, बिलिंग, ग्राहकांशी पत्रव्यवहार करत असेल तर त्याच्या खुणा ईमेलमध्ये, कोडमध्ये, बीजकांवर आपोआप राहतात. नुसतं नाव लावून पगार काढला तर ४०ए(२) इथेही आहेच.

पगार त्या मर्यादेच्या वर गेले असतील तर खर्चाचा परतावा आणि भाडं यांना अर्थ येतो. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, कंपनी करपात्र सेवा देते, जीएसटीत आहे आणि खोली खरोखरच वेगळी आहे. तेव्हा पगार मर्यादेच्या वर असेल आणि महापालिकेची आकारणी फारशी बदलत नसेल, तर भाडं घ्या. नसेल तर भाडं सोडा. इंटरनेट, फोन, लॅपटॉप कंपनीच्या नावावर, विजेचा सब-मीटरप्रमाणे परतावा, एवढ्यावर थांबा. बहुतेक घरगुती कंपन्यांना मी हा दुसरा मार्गच सुचवतो.

शेवटी, मागच्या वर्षी तुम्ही ३० टक्के टाकून बसला असाल तर. हिशेब अजून बंद झाले नसतील तर त्या नोंदी उलटवा, रक्कम तुमच्या नावे टाका आणि ताळेबंदाच्या तारखेची वाट न बघता पैसे कंपनीला परत करा. रिटर्न भरून झालं असेल आणि सुधारित रिटर्नची मुदत बाकी असेल तर ते भरा. मुदत संपली असेल तर अद्ययावत रिटर्न भरता येतं. त्याला संबंधित निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिने मिळतात. त्यात कर आणि व्याजावर जादा कर भरावा लागतो, पहिल्या बारा महिन्यांत २५ टक्के, मग क्रमाने ५०, ६० आणि ७०. हा जादा कर २०० टक्क्यांच्या दंडापुढे कमीच आहे, पण नोटीस येण्याच्या आत हे केलेलं बरं. तपासणी सुरू झाली की हा मार्ग सहसा बंद होतो.